घाटावरच्या वाती

वाईत कुठल्याही देवळाच्या पायरीवर दोन घटका बसलात की रास्त्यांचं नाव कानावर येतंच. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव रास्त्यांचं, ते त्याच्याही आधीचं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा त्या निमुळत्या दगडावर येऊन दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. माझी आजी ती भिंत दाखवून म्हणायची, "गवंडी नदीचा स्वभाव ओळखून होता बघ." त्या गवंड्याचं नाव मात्र तिलाही ठाऊक नव्हतं आणि तिथे कुठे ते लिहिलेलंही नाही.

बांधणाऱ्याचं नाव राहिलं, घडवणाऱ्याचं गेलं. आणि देऊळ उभं राहिल्यावर पिढ्यान् पिढ्या तिथला दिवा ज्यांनी तेवता ठेवला, त्यांची तर कुणी मोजदादही केली नाही. आजी या तिसऱ्या माणसांतली. लग्न होऊन वाईत आली आणि वाईतच गेली. मधे काशी-रामेश्वर झालं नाही, आणि त्याची खंतही तिने कधी केली नाही. वाईला दक्षिण काशी म्हणतात ते तिने अक्षरशः खरं मानलं होतं.

आमच्या परसात देवकापसाचं झाड होतं. बोंडं उकलली की ती पहाटे खुडून आणायची आणि दुपारी जेवणं आवरली की सूप पुढ्यात घेऊन ओसरीवर बसायची. आधी बोटांनी सरकी काढायची. मग कापूस हलक्या हाताने पिंजायचा, इतका की फुंकर मारली तर उडावा. फुलवातीसाठी त्यातला चिमूटभर घेऊन तो तळहातावर चपटा पसरायचा, कडा आत दुमडायच्या, मधला भाग वर ओढायचा आणि दुधाचं बोट लावून शेंडा पिळायचा. लांब वात पायावर वळायची, त्याआधी बोटांना भस्म. ही सगळी कृती मी शब्दांत सांगायला जितका वेळ घेतला तेवढ्यात तिच्या दहा वाती व्हायच्या. बघत ती दुसरीकडेच कुठेतरी असायची. शेजारणीशी बोलायची, आमचे पाढे ऐकायची, 'सात आठे' चुकलं की मान हलवायची, आणि हात चालूच.

एका चातुर्मासात तिने लक्ष वातींचा नेम धरला होता. शंभर वाती झाल्या की जोंधळ्याचा एक दाणा पितळी वाटीत टाकायचा. हजार दाणे झाले की लाख पुरा. लहानपणी मला वाटायचं की हे गणित देवासाठी आहे. मोठेपणी कळलं की ते तिच्यासाठी होतं. सकाळी चारला उठून रात्री दहाला पाठ टेकणाऱ्या, सासू-सासरे, दीर, मुलं, येणारेजाणारे यांच्या ताटांमधे स्वतःचं ताट शेवटी वाढणाऱ्या बाईच्या दिवसात ही एकच दुपार होती जिचा हिशोब तिच्या हातात होता. वाटीतला दाणा तिचा होता. त्याला घरातलं कुणी हात लावत नसे.

या वाती जायच्या कृष्णाबाईकडे. वाईत कृष्णा नुसती नदी नाही, ती बाई आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्यांच्या घाटांवर थंडी सरता सरता तिचे उत्सव सुरू होतात. एका घाटाचा संपला की दुसऱ्याचा. परंपरा अशी सांगतात की १६५९ मधे अफझलखान वाईला तळ देऊन बसला, तेव्हा शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून इथल्या शेंडे शास्त्र्यांनी कृष्णेला नवस बोलला, आणि तो फेडायला हा उत्सव सुरू झाला. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाई वाजतगाजत मांडवात येते. मग कीर्तनं, भजनं, आरत्या, बायकांची ओटी भरायची रांग, प्रसादाच्या पंगती आणि शेवटी लळित. जो घाट एरवी दुपारी धुणं वाळत घालायला असतो, तो त्या दिवसांत आळीचं माजघर होतो. पंगतीला आमटीचा वास नदीपर्यंत उतरलेला असतो, आणि पायरीवर पान मांडून बसलेल्या माणसाला शेजारी कोण आहे याची चौकशी करावीशी वाटत नाही.

या उत्सवाला लागणारं कुंकू आजी घरी करायची. वाई ही हळदीची जुनी पेठ, तेव्हा हळकुंडं हाताशीच. लिंबाचा रस, टाकणखार, थोडी तुरटी यांत हळकुंडांचे तुकडे मुरवायचे. पिवळा रंग बघता बघता लाल होतो. मग ते सावलीत वाळवायचे, उन्हात कधीच नाही, नाही तर रंग उडतो. खडखडीत वाळले की खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायचे. त्या दिवसांत तिची नखं, पदराचं टोक, उंबऱ्याची कड सगळं लालसर असायचं. बाजारचं कुंकू ती देवीला चालू द्यायची नाही. "कातडीला खाज आणतं ते देवीच्या कपाळाला कसं लावायचं?" असं तिचं म्हणणं.

आजोबा गेले तेव्हा ती पन्नाशीच्या आत होती. त्यानंतरही तीसेक वर्षं कुंकू तीच करत राहिली. घाटावरच्या बायका हक्काने डबे घेऊन यायच्या, ती भरून द्यायची. ओटीच्या रांगेत मात्र ती उभी राहत नसे. कीर्तनाला मांडवाच्या कडेच्या खांबापाशी बसायची, हळदीकुंकवाच्या दिवशी सैपाकघरात असायची. ज्या हातांनी सगळ्या आळीची कपाळं सजवली त्या बाईचं कपाळ मोकळं ठेवायचं, ही रीत मला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही. तिच्या श्रद्धेवर माझं जितकं प्रेम आहे तितकाच या रिवाजाचा मला राग आहे, आणि दोन्ही एकाच घाटावर नांदत होती हे लपवण्यात अर्थ नाही.

स्वतःसाठी ती कधी भांडली नाही. पण आत्या चाळिशीतच एकटी होऊन माहेरी आली, तेव्हा पुढच्या उत्सवात आजीने तिच्या हातात खण-नारळाचं ताट दिलं आणि रांगेकडे बोट दाखवलं. आत्या घुटमळली. शेजारच्या एक वयस्कर बाई काहीतरी बोलल्या. आजी एवढंच म्हणाली, "कृष्णाबाई काय नवरा बघून पदर पसरते?" आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. आत्या रांगेत उभी राहिली. आजी परत खांबापाशी जाऊन बसली. शास्त्र तिने वाचलं नव्हतं, पण ज्या देवीची चाळीस वर्षं चाकरी केली तिच्या मनातलं आपल्याला कळतं एवढी तिची खात्री होती, आणि ती खात्री मला कुठल्याही पोथीपेक्षा मोठी वाटते.

शास्त्र जाणणारी माणसं वाईत कमी नव्हती. नारायणशास्त्री मराठ्यांनी, पुढे जे केवलानंद सरस्वती झाले, त्यांनी उभारलेली प्राज्ञपाठशाळा इथलीच. धर्मकोशाचं काम तिथेच सुरू झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथे शिकले, आणि त्यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम वाईत बसून झालं. पहिला खंड १९७६ मधे आला. एवढ्याशा गावात जगातलं ज्ञान अकारविल्हे लावायचं काम चालू होतं याचा वाईकरांना अभिमान आहे, आजीलाही होता. आजोबा वसंत व्याख्यानमालेला जायचे तेव्हा ती पण जायची आणि बायकांच्या बाजूला बसून ऐकता ऐकता वाती वळायची. घरी आल्यावर आजोबा विषयाबद्दल बोलायचे. ती म्हणायची, "बोलले छान, पण शेवटचं तेच तेच होतं." मला वाटतं, व्याख्यानाबद्दलचं तिचं मत बहुतेक वेळा बरोबर असायचं.

शिकायला आलेली गरीब मुलं त्या काळी वार लावून जेवायची. आमच्याकडे गुरुवारचा एक कोकणातला मुलगा होता. त्याला भाकरी उतरत नसे, म्हणून गुरुवारी भाताचं आधण जास्त. तो पुढे कुठे गेला, काय झाला, आजीला माहीत नव्हतं. गुरुवारचा तो जास्तीचा भात मात्र घरात कितीतरी वर्षं पडत राहिला, आणि तो खायला कुणी ना कुणी येतच राहिलं.

तिचं नदीशी नातं रोजच्या बोलण्याचालण्यातलं होतं. पहाटे घाटावर जाऊन स्नान, येताना देवपूजेपुरती कळशी. पूर आला की ती गणपतीच्या देवळाकडे जाऊन पाणी कुठवर चढलं ते बघून यायची आणि माहेरवाशिणीची खबर सांगावी तशी घरात सांगायची. वर धोमचं धरण झालं, पुरांचा जोर उतरला. मग वाई वाढली, सांडपाणी नदीत यायला लागलं, उन्हाळ्यात पाण्यावर जलपर्णीची साय धरू लागली. एका वर्षी आजीने पूजेला नदीचं पाणी आणणं बंद केलं. आम्हाला वाटलं गुडघे दुखतात म्हणून. विचारलं तर म्हणाली, "आई आजारी असली की तिच्याकडे पाणी मागायचं नसतं, तिला द्यायचं असतं." द्यायचं म्हणजे काय, तर त्या दिवसापासून तिने निर्माल्य नदीत सोडणं थांबवलं आणि परसात खड्डा करून त्यात घालायला लागली. आळीत दोन-चार घरांना तिने ते पटवलंही. कृष्णा शुद्ध करण्याच्या योजनांबद्दल मी पुढे पुष्कळ वाचलं, पण त्या खड्ड्याइतकं सरळ काही मला भेटलं नाही.

पोरं पुण्या-मुंबईला पांगली. प्रत्येकाने तिला घेऊन जायचा आग्रह केला, ती चार दिवस जायची आणि एकादशी आली की परतायची. एसटीच्या कंडक्टरकडून आमच्यासाठी हळदीच्या, कुंकवाच्या पुरचुंड्या यायच्या. फोन केला की तिचे प्रश्न ठरलेले: जेवलीस का, दिवा लावलास का, आणि आत्याला फोन केलास का. देव आणि घरची माणसं यांत तिने कधी कप्पे केले नाहीत. माणसाची विचारपूस आणि देवाची सांजवात एकाच दमात व्हायची.

ती गेल्यावर घर आवरताना तिच्या हातचं लिहिलेलं फारसं काही मिळालं नाही. पत्रं ती दुसऱ्याकडून लिहवून घ्यायची. मिळाले ते कालनिर्णयचे जुने गठ्ठे, खिळ्याला टोचून ठेवलेले. तारखांच्या चौकोनात बारीक पेन्सिलीने: दूध अर्धा लिटर जास्त, गॅस आला, धाकट्याची परीक्षा, हळकुंडं पाच किलो, घाटावर तेल दिलं, वसूचा ताप उतरला. उत्सवाच्या महिन्यात चौकोन भरून गेलेले असायचे. वर्षानुवर्षं कुठल्या आळीला किती कुंकू गेलं, कुणाकडे बाळंतपण झालं, कुणाकडे सुतक होतं, हे सगळं त्यात आहे. विश्वकोशाच्या गावात एका बाईने केलेली ही आळीची नोंद. मी ते गठ्ठे पुण्याला आणले आहेत आणि वर्षवार लावून ठेवले आहेत.

ती श्रावणात गेली. माघात आमच्या घाटाचा उत्सव आला तेव्हा कपाटातल्या डब्यांत तिने वळून ठेवलेल्या वाती होत्या, त्या संपूर्ण उत्सवाला पुरल्या. पुढच्या वर्षीपासून आत्या वळते. तिचा हात आजीइतका झरझर चालत नाही, पण कापूस त्याच झाडाचा आहे. कुंकू आता आणखी दोघीजणी शिकल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीला नवरा नाही. ती कुंकू करतेही आणि लावतेही.

वाईला आलात तर ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि घंटा बघून लगेच पाचगणीची गाडी पकडू नका. माघ-फाल्गुनात आलात तर एखाद्या घाटावर पंगतीला बसा, तिथे कुणी परकं मानत नाही. जेवण झालं की मांडवाच्या मागे जा. तिथे पातेली घासत, वाती निवडत, नारळ फोडत काही बायका बसलेल्या असतील. त्यांचं नाव विचारा, आणि जमलं तर लिहून घ्या.