दैव की दगा? : 'द फिगरीन'विषयी

कुन्ले अफोलायन यांचा 'द फिगरीन' (२००९) हा नायजेरियन चित्रपट आम्ही दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा तो निराळा वाटला. पहिल्या वेळी आम्ही मूर्तीवर नजर ठेवून होतो. दुसऱ्या वेळी माणसांवर. एकाही दृश्यात फेरफार न होता तीच गोष्ट आधी दैवाची आणि नंतर दग्याची वाटावी, हे या चित्रपटाचे मोठे यश आहे. मात्र त्या यशाची किंमत कोणाला मोजावी लागली, हा प्रश्न दुसऱ्या वेळी आमचा पिच्छा सोडीना. तोच येथे मांडावयाचा आहे. शेवट उघड केल्यावाचून ते शक्य नाही. तेव्हा ज्यांना रहस्य अबाधित ठेवावयाचे असेल त्यांनी आधी चित्रपट पाहावा आणि मग हा मजकूर वाचावा.

कथा थोडक्यात अशी. सोला आणि फेमी हे दोन मित्र आणि त्यांची मैत्रीण मोना राष्ट्रीय युवक सेवेच्या शिबिरात असतात. १९६७ ते १९७० या काळातील यादवी युद्धानंतर, १९७३ मध्ये नायजेरियाने ही योजना सुरू केली. पदवीधर तरुणांनी आपला प्रांत सोडून दुसऱ्या प्रांतात एक वर्ष सेवा करावी, त्यायोगे त्यांना आपला देश कळावा, असा तिचा हेतू. जंगलातल्या एका ओसाड देवळात सोलाला अरारोमिरे या देवतेची लाकडी मूर्ती सापडते आणि तो ती उचलून आणतो. या मूर्तीची दंतकथा आपल्याला आरंभीच सांगितलेली असते. पुजाऱ्याने देवतेला मूर्तीत आवाहन केले. गावाची ७ वर्षे भरभराट झाली. पुढे अरिष्टांची मालिका सुरू झाली आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी देऊळच जाळले. ज्याच्या हाती मूर्ती लागेल त्याची ७ वर्षे सुखाची, नंतरची ७ वर्षे दुःखाची. सोलाचे मोनाशी लग्न होते, त्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरू लागते, फेमीचेही बरे चालते. मग ७ वर्षे सरतात.

या कथेचे वेगळेपण कळण्यासाठी नायजेरियन चित्रपटाची एक रूढी लक्षात घ्यावी लागते. तेथील व्हिडिओ-चित्रपटांच्या लाटेची सुरुवात सामान्यतः 'लिव्हिंग इन बाँडेज' (१९९२) या इग्बो भाषेतील चित्रपटापासून मानली जाते. त्यात अँडी नावाचा माणूस संपत्तीच्या लोभाने एका गुप्त पंथात शिरतो, पत्नीचा बळी देतो आणि तिचे भूत त्याचा पाठलाग करते. पुढे असंख्य चित्रपटांनी हा साचा गिरवला. त्यात करार असतो, पाप असते, शिक्षा असते आणि बहुधा शेवटी पश्चात्तापही असतो. अशा गोष्टीत प्रेक्षकाला शंकेचे कारणच उरत नाही; अलौकिक शक्ती आहेच आणि तिचा हिशेब चोख आहे.

केमी अदेसोये यांच्या पटकथेने हा हिशेबच विस्कटून टाकला. सोला कोणाशी करार करीत नाही, कोणाचा बळी देत नाही, काही मागतही नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या 'द मंकीज पॉ' (१९०२) या कथेशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. तेथे भारतातून आणलेला माकडाचा पंजा एका इंग्रज घरात येतो आणि घरातील माणसे त्याच्याकडे इच्छा व्यक्त करतात. म्हणजे वस्तू परकी आणि संकट मागून घेतलेले. 'द फिगरीन'मध्ये वस्तू आपल्याच मातीतली आहे. परके झाले आहेत ते तिचे वारस. इंग्रजीतून विचार करणारे हे तरुण घरचीच देवता एखाद्या शोभेच्या वस्तूसारखी उचलतात. देश ओळखावा म्हणून काढलेल्या शिबिरात ही घटना घडावी, यातील उपरोध चित्रपट मोठ्याने सांगत नाही, आणि तेच बरे.

मराठी वाचकाला ७ वर्षांचा हा आकडा ऐकून साडेसातीची आठवण होणे साहजिक आहे. पण साडेसातीला निदान उपाय असतात, शनीला तेल वाहता येते, आणि ती कधीतरी संपते याचा दिलासाही असतो. अरारोमिरेच्या कालगणनेत आर्जवाला जागा नाही. वर आणि शाप एकाच हाताने मिळतात आणि दोहोंचाही माणसाच्या पात्रतेशी संबंध नसतो.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्भुत साहित्याची जी मीमांसा केली ती आपल्या अभ्यासक्रमांत परिचित आहे. घटनेचे स्पष्टीकरण निसर्गनियमांनी करावे की अलौकिकाने, या दोहोंमधील दोलायमान अवस्था हाच त्या प्रकाराचा प्राण. एकदा निर्णय झाला की आपण शेजारच्या प्रांतात जातो. 'द फिगरीन'चा मधला भाग ही दोलायमानता उत्तम सांभाळतो. कोसळणारी संकटे कोणत्याही कुटुंबावर येऊ शकतील अशीच आहेत: व्यवसायातील बूड, आजारपण, घरातील दुःख. फेकून दिलेली मूर्ती घरी परत आलेली दिसते तेव्हा अंगावर काटा येतो. पण मूर्ती परत येते कशी, हे कॅमेरा आपल्याला दाखवीत नाही. हे न दाखवणे हीच येथील कला. रॅम्सी नुआह यांना फेमीची भूमिका देणे हाही हुशारीचा भाग. प्रणयपटांचा नायक म्हणून त्यांची तेथे ख्याती होती. त्यामुळे त्यांच्या मवाळ, झुरणाऱ्या चेहऱ्यावर संशय घेण्याचे प्रेक्षकाच्या मनातही येत नाही. २०१० च्या आफ्रिका मूव्ही अकॅडमी पुरस्कारांत चित्रपटाला ५ पुरस्कार मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही होता. हा गौरव अनाठायी नव्हता.

आता उणिवांकडे वळू. शेवटी कळते की मोनावरील जुन्या प्रेमापोटी फेमीनेच दैवाचा हा देखावा उभा केला होता. आमची तक्रार या कलाटणीबद्दल नाही. ती ज्या रीतीने येते तिच्याबद्दल आहे. आतापर्यंत सूचनेवर विसंबणारा चित्रपट एकाएकी बोलका होतो. काय, कसे, का, हे सारे पात्र स्वतःच सांगू लागते, आणि भयाची जागा खुलासा घेतो. बरे, या खुलाशाने सगळे उलगडते असेही नाही. दुर्दैव एखादा माणूस घडवून आणू शकेल. पण आधीची ७ वर्षांची भरभराट फेमीने कशी आणली असेल? ही फट ठेवण्याइतकी पटकथा सावध आहे, आणि ती प्रेक्षकाला स्वतःची स्वतः सापडली असती तर तिची गोडी वाढली असती. परंतु चित्रपट संपताना प्रेक्षकाची श्रद्धा कशावर आहे, असा प्रश्नच पडद्यावर लिहून येतो. जे आपल्या मनात उमटावयाचे ते फळ्यावर लिहून दाखविल्यासारखे होते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. अरारोमिरेची मूर्ती सतत दिसते. पण तिची पूजा करणारे एकही जिवंत माणूस कथेच्या वर्तमानात भेटत नाही. तिचा अर्थ पात्रांना कळतो तो विद्यापीठातील अभ्यासकाकडून, भक्ताकडून नव्हे. योरुबा प्रदेशातील वस्तुस्थिती इतकी उजाड नाही. ओशोग्बो येथील ओशुन देवीचे राखीव वन २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि तेथे दर वर्षी उत्सव भरतो. तेथील देवी नदी आहे, माता आहे, संतती देणारी आहे. माणसे तिच्याशी बोलतात, रुसतात, नवस करतात. चित्रपटातील देवीला यांपैकी काहीच वाट्याला येत नाही. जुने गुप्त पंथांचे चित्रपट परंपरेकडे फक्त भीतीच्या नजरेने पाहत. 'द फिगरीन'ने त्यांचा निवाडा नाकारला, पण नजर बरीचशी तीच ठेवली.

आणि मोना. मूर्ती घराबाहेर घालवावी यासाठी तीच जिवाचे रान करते, तीच प्रश्न विचारते. कथेतील सर्वांत जागे मन तिचे आहे. असे असूनही निर्णायक घडी येते तेव्हा गोष्ट दोन पुरुषांच्या हिशेबाची होते आणि मोना त्या हिशेबातील रक्कम ठरते. दैव मानले तर ती शापाची धनी, दगा मानला तर ती दग्याचे निमित्त. कोणत्याही वाचनात तिचे स्वतःचे वाचन आपल्याला ऐकू येत नाही. देवी आणि मोना, दोघींभोवती सारी कथा फिरते आणि दोघीही तिच्यात अबोल राहतात. आरंभी ज्या किमतीचा उल्लेख केला ती हीच. दैव आणि दगा यांचा तराजू समतोल राहावा म्हणून चित्रपटाने ज्यांचे बोलणे त्याला कोणत्या तरी बाजूस झुकवू शकले असते त्यांनाच गप्प बसवले.

पुढे २०१९ मध्ये रॅम्सी नुआह यांनी स्वतः 'लिव्हिंग इन बाँडेज: ब्रेकिंग फ्री' दिग्दर्शित केला. अँडीच्या मुलाची ही गोष्ट अधिक सफाईदार आणि अधिक झगमगीत आहे. पण तिच्यात पुन्हा पंथ आला, करार आला आणि त्याबरोबर निश्चितीही आली. ती पाहिल्यावर दहा वर्षांपूर्वीच्या 'द फिगरीन'चे धाडस अधिकच जाणवते. अलौकिकाच्या गोष्टीत प्रेक्षकाला न्यायाधीशाच्या आसनावर बसवून शेवटपर्यंत निकाल देऊ न देणे सोपे नसते.

म्हणूनच हा चित्रपट वर्गात दाखवावा असे आम्हांला वाटते. विद्यार्थी देवी खरी की फेमी, यावर वाद घालतील. घालू द्यावा, त्यात तोदोरोव्ह आपोआप शिकवून होईल. वाद रंगात आला की मात्र एकच विनंती करावी: हीच गोष्ट मोनाच्या तोंडून लिहून आणा. निकाल काय लागतो याची आम्हांला फारशी उत्सुकता नाही. साक्ष काय निघते, याची मात्र आहे.