अर्धायुष्य

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. पण ही गोष्ट मराठीतच अडली होती, म्हणून मराठीतच लिहिते.

सबमिशनच्या आठवड्यातच आईला रेडिओॲक्टिव्ह आयोडीन दिलं. थायरॉईडचा कॅन्सर, ग्रंथी आधीच काढलेली. उरल्यासुरल्या पेशींसाठी हे औषध. पाण्यात विरघळवलेलं, १०० मिलिक्युरी, स्ट्रॉने प्यायचं. "चव काहीच नाही गं, साधं पाणी!" आई फोनवर म्हणाली. ती वेगळ्या खोलीत एकटी, आणि मी होस्टेलवर जर्नलच्या मागच्या पानावर गणित मांडून बसलेली.

१०० मिलिक्युरी म्हणजे सेकंदाला ३७० कोटी अणू डिके होणार. आयोडीन-१३१ ची हाफ लाइफ ८ दिवस. ०.६९३ ला ८ दिवसांच्या सेकंदांनी भागलं की उत्तर जवळजवळ बरोब्बर एक दशलक्षांश! म्हणजे ३७० कोटींवर आणखी सहा शून्यं दिली की एकूण अणू. त्यांचं वजन? ०.८ मायक्रोग्रॅम. मी तीनदा तपासलं. एवढ्याशासाठी आईच्या खोलीत कुणी जायचं नाही!

"मग हे जाणार कधी?" तिने विचारलं. हाफ लाइफला मराठीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. मी म्हटलं, "आई, आठ दिवस म्हणजे अर्धं आयुष्य."

ती गप्प. मग "बरं, जेवलीस का?" म्हणून फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडताहेत म्हटल्यावर मी बाबांवर चिडले. माझ्या हिशोबाने अजून ७७ मिलिक्युरी शिल्लक! बाबांनी फोन तिथल्या टेक्निशियनकाकांकडे दिला. "बाळ, तुझी आई म्हणजे बाटली नव्हे. किडनी धरलीस का हिशोबात?" ग्रंथीच नाही, मग आयोडीन धरून ठेवणार कोण? म्हणून तर तिला सारखं पाणी पाजत होते. कमी व्हायच्या वाटा दोन, आणि दोन्ही हाफ लाइफ चक्क पॅरलल रेझिस्टन्ससारख्या जोडायच्या. लघवीवाटे दिवसाला निम्मं जातं असं नुसतं धरलं, तरी तीन दिवसांत १०० चे १० च्या आत. शिवाय सोडण्याआधी मीटरने मोजतात ते वेगळंच.

रेक्टर मॅडमना शब्द विचारून घेतला, 'अर्धायुकाल', आणि शनिवारी घरी गेले. आईचं ताट-भांडं वेगळं, झोपायची खोली वेगळी. दारातूनच तिला अख्खं गणित समजावलं.

"म्हणजे ते अर्धं आयुष्य आयोडीनचं होय!" ती म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून घेतलं.