आई, बियर आणि १९ लिटर पाणी

दोन आठवड्यांपूर्वी माहुलला घरी गेलो होतो. शनिवारी संध्याकाळी चहा पिताना आईने सहज विचारलं, "ती तुझी बियरची बादली, ती टाकलीस का रे?" मी कपात बघत "हो, कधीच" म्हणालो आणि विषय बदलला. त्या बादलीवरून मी आईला एकदा जे बोललो होतो, ते चूक होतं हे मला पुढे कळलं. तिला मात्र सांगितलं नव्हतं.

गोष्ट २०१२ची. मी तेव्हा पोर्टलंडला होतो, ऑरेगनमध्ये. पोर्टलंड म्हणजे बियरवाल्यांची पंढरी. ऑफिसात ज्याला विचारावं तो घरी बियर करत असे. तिथे १९७९पासून केंद्रीय कायद्याने ते चालतं, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, फक्त विकायची नाही. (आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय बियर करणं गुन्हा. तेव्हा हे वाचून कोणी पातेलं चढवू नका!) मीही स्टाइनबार्ट नावाच्या, १९१८ साली सुरू झालेल्या दुकानातून एक बादली, नळी, तोटी आणि बाटल्या घेऊन आलो.

बियर करणं म्हणजे बरंचसं भांडी घासणं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. माल्टचं गोड पाणी उकळलं, गार केलं की त्यात यीस्ट पडेपर्यंत ते कुठल्याही जंतूला मेजवानीच. म्हणून उकळल्यानंतर त्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. त्यासाठी स्टारसॅन नावाचं एक द्रावण मिळतं. फॉस्फरिक आम्ल (तेच, कोलामध्ये असतं ते) आणि एक फेस करणारं रसायन. १९ लिटर पाण्यात ३० मिली टाकायचं, वस्तू एक-दोन मिनिटं ओली ठेवायची आणि वापरायची. धुवायचीसुद्धा गरज नाही. फेस राहिला तरी चालतो. पहिल्यांदा तो फेस बघून मी बाटली चार वेळा विसळली होती, म्हणजे सगळंच मुसळ केरात.

काम झालं की मी ते १९ लिटर सिंकमध्ये ओतून द्यायचो.

त्या उन्हाळ्यात आई आली होती. आमच्या माहुलच्या घरात नळाला सकाळी तासभर पाणी. दोन बाजूंना रिफायनरीच्या टाक्या, पलीकडे खाडी, म्हणजे नजर टाकावी तिकडे पाणी किंवा तेल, पण पिण्याचं पाणी पिंपात मोजून. तांदळाचं धुवण तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी मोरीला, असा तिचा हिशोब. मी बादली तिरकी केली तशी ती किंचाळलीच. "अरे, स्वच्छ दिसतंय की! झाकण लावून ठेव, पुढच्या वेळेला होईल."

आणि गंमत म्हणजे तिचं बरोबर होतं. हे द्रावण आम्लतेवर काम करतं. पीएच तीनच्या खाली आहे तोवर ते कामाचं. कठीण पाण्यात ते क्षार धरतं आणि गढूळ होतं, पण पोर्टलंडचं पाणी डोंगरातल्या बुल रन नदीचं, एकदम मऊ. झाकून ठेवलेलं द्रावण तीन आठवड्यांनीही आरपार दिसायचं. (आयोडिनवालं असतं तर गोष्ट वेगळी, ते उघडं ठेवलं की रंग उडतो आणि रंगाबरोबर दमही.) तर मी ठेवलं. एक बॅच झाली, दुसरी झाली. आई परत गेली.

तिसरी बॅच एका मित्राच्या लग्नासाठी होती. मेहेंदीच्या संध्याकाळी पहिली बाटली उघडली आणि अर्धी बियर छताकडे गेली. दुसरीही तशीच. जी उरली तिला आंबट, बँडेजसारखा वास. पन्नास बाटल्या! मी सगळ्यांना हसत सांगितलं, "आईने पाणी वाचवलं." लोक हसले. तिथेच थांबलो असतो तर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी फोनवर तिलाही तेच ऐकवलं, आणि तेव्हा मी हसत नव्हतो. "प्रत्येक ठिकाणी माहुल आणू नकोस," असं काहीतरी बोललो. ती एवढंच म्हणाली, "तोटी उघडून धुतली होतीस ना?" मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं. मग ती "बरं" म्हणाली.

त्यानंतर प्रत्येक वेळी ताजं द्रावण. ३० मिली, १९ लिटर, काम झालं की सिंक. चौथी बॅच आंबली. पाचवीही.

आता एवढी वर्षं कोड लिहून पोट भरतोय, तर बग शोधताना आधी बदललेली गोष्ट धरायची नसते, वाटणी करायची असते, हे मला सुचायला हवं होतं. सहाव्या बॅचला सुचलं. निम्म्या बाटल्या नेहमीसारख्या तोटीच्या बादलीतून भरल्या, निम्म्या नळीने थेट. साखर आधी प्रत्येक बाटलीत मोजून घातली. तीन आठवड्यांनी नळीवाल्या उत्तम, तोटीवाल्या कारंजी.

तोटी गरम पाण्यात टाकली. ती दोन भागांत सुटते हेच मला माहीत नव्हतं. आत तपकिरी, बुळबुळीत थर, बोटाने खरवडला तर निघेल असा. पहिल्या दिवसापासून प्रत्येक बॅच त्याच्यावरून वाहत गेली होती आणि तो थोडा थोडा वाढत होता. द्रावण ताजं असो की शिळं, ते पृष्ठभागावरचे जंतू मारतं, घाण काढत नाही. थराच्या आत ते पोचतच नाही. आधी घासायचं, साबण पूर्ण धुवायचा (साबणाचा अल्कली राहिला तर तो आम्लच खाऊन टाकतो), मग निर्जंतुक करायचं. पहिल्या पानावरचा धडा.

कपाटात मागे आईने झाकून ठेवलेली ती जुनी बादली अजून तशीच होती. मेहेंदीनंतर रागाने कोपऱ्यात सरकवली आणि विसरलो. पीएचची पट्टी बुडवली. दोन आणि तीनच्या मध्ये.

मग फोन का केला नाही? केला. हवापाण्याचं बोललो, तब्येतीचं विचारलं आणि ठेवला. तिने नंतर कधी बियरचा विषय काढला नाही, माझ्या स्वैपाकघरातल्या कशातच काही सुचवलं नाही. पूर्वी फोनवर भेंडी कशी चिरायची तेही सांगायची.

असो. तर परवा, रविवारी सकाळी, पाणी यायच्या वेळेला ती ओट्यावर स्टीलचा फिल्टर उघडून बसली होती. कँडल एका बाजूला, तोटी सोडवून वाटीत. जुन्या टूथब्रशने तोटीचं आतलं भोक घासत होती. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. तोटीचं, तपकिरी थराचं, पट्टीचं, सगळं. लग्नातल्या विनोदाचंही.

तिने घासणं थांबवलं नाही. "मग मी विचारलं होतं की," म्हणाली. थोड्या वेळाने, "पन्नास बाटल्या फेकल्यास?"

"हो."

"आणि ते पाणी? ते चांगलं होतं ना?"

"तेही ओतलं, घर सोडताना."

तिने वाटी माझ्याकडे सरकवली. "वॉशर घास नीट. नळ जायला वीस मिनिटं आहेत."