ताऱ्यांच्या वह्या

नक्कल करणें ह्या कामाला आपल्याकडे फारसा मान नाहीं. कचेरींतील नक्कलनवीस काय किंवा पोथ्या उतरून देणारा लेखक काय, दोघांनाही कोणी विद्वानांच्या पंक्तीला बसवीत नाहीं. आम्ही घरांतील तिघें मात्र गेलें वर्षभर हेंच काम हौसेनें करीत आहों. आणि तेंही परदेशांतील, परभाषेंतील व बहुतांशीं आंकड्यांनींच भरलेल्या वह्यांवर. शेजारच्या एका गृहस्थांनीं सरळच विचारलें, "ह्याचे पैसे मिळतात का?" मिळत नाहींत. प्रश्न मात्र मार्मिक आहे, व त्याकडे आम्ही पुढें येणारच आहों.

ह्या वह्या अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेच्या. १८७७ सालीं एडवर्ड पिकरिंग तेथील प्रमुख झाले, आणि त्यांच्या कारकीर्दींत काचेच्या प्लेटींवर आकाशाचीं छायाचित्रें घेण्याचें काम फार मोठ्या प्रमाणावर चाललें. आज तेथें पांच लाखांवर प्लेटी आहेत. प्लेटीवर तारा काळ्या ठिपक्यासारखा उमटतो. असे ठिपके भिंगांतून न्याहाळून त्यांची तेजस्विता ठरविणें व वर्गवारी लावणें हें काम स्त्रियांकडे आलें. कारण त्या चिकाटीच्या होत्या, आणि दुसरें खरें कारण असें कीं, त्या स्वस्त पडत. तासाला २५ ते ३० सेंट हा त्यांचा सर्वसाधारण दर. त्यांना 'कॉम्प्युटर' म्हणत. यंत्राच्या आधीं हें नांव माणसांचें होतें, हें आजच्या मुलांना सांगितलें तर खरें वाटत नाहीं.

वेधशाळेच्या ग्रंथालयानें अशा सुमारें २,५०० वह्या हातीं घेतल्या, आणि त्यांच्या पानांचीं छायाचित्रें स्मिथ्सोनियन संस्थेच्या लिप्यंतर केंद्रामार्फत लोकांपुढें ठेविलीं. कोणीही घरबसल्या पान उघडावें व वाचेल तेवढें टंकावें. दुसऱ्या कोणा अपरिचितानें तें तपासावें. हस्ताक्षराच्या नुसत्या चित्रांत शोध घेतां येत नाहीं. तींच अक्षरें टंकलीं गेलीं म्हणजे वहींतील प्लेटीचा क्रमांक, ती प्लेट आणि ती तपासणारी बाई ह्या तिघांची गांठ पडूं शकते.

नियम एकच, पण कठीण आहे: दिसेल तसें लिहावें. चूक असली तरी ती सुधारावयाची नाहीं. खोडलेलें खोडलेलेंच दाखवावयाचें. जें लागत नाहीं तेथें प्रश्नचिन्ह टाकावयाचें. आमच्या घराण्यांत शिक्षकी पेशा तीन पिढ्यांचा, त्यामुळें चूक दिसली कीं हात लाल शाईकडे जातो. एकदां एका रकान्यांत ३ आहे कीं ५, ह्यावर आमच्यांत दोन संध्याकाळ वाद झाला. शेवटीं प्रश्नचिन्ह घातलें. तपासणाऱ्या अनोळखी व्यक्तीनें मागील पानावरील तसाच आंकडा ताडून पाहून ५ कायम केला. तो मनुष्य कोठला, पुरुष कीं स्त्री, हें आम्हांस कधींही कळणार नाहीं; परंतु त्या दिवशीं तो घरचाच वाटला.

हा एवढा आटापिटा एका आंकड्यासाठीं कां, असें कोणी म्हणेल. हेन्रिएटा लेव्हिटबाईंचें उदाहरण घ्यावें. त्यांनीं लघु मॅगेलन मेघांतील २५ बदलत्या ताऱ्यांचे आंकडे जुळवून दाखविलें कीं, ताऱ्याच्या उजळण्यामंदावण्याचा काळ जितका मोठा, तितका तो तारा अधिक तेजस्वी. ह्या नियमावर पुढें दूरच्या तारकाविश्वांचीं अंतरें मोजलीं गेलीं. १९१२ चें तें पत्रक मात्र पिकरिंग ह्यांच्या सहीनें निघालें; मजकूर लेव्हिटबाईंनीं तयार केला, एवढा उल्लेख आरंभीं आहे. विल्यमिना फ्लेमिंग ह्या आधीं पिकरिंग ह्यांच्या घरीं मोलकरीण होत्या. १८८८ च्या प्लेटीवर अश्वमुखासारखा काळा मेघ प्रथम त्यांनीं ओळखला, आणि पुढच्या प्रसिद्ध सूचींत त्यांचें नांवच आलें नाहीं.

ह्याच फ्लेमिंगबाईंची १९०० सालची रोजनिशी उपलब्ध आहे. आपल्याला वर्षाला १,५०० डॉलर मिळतात व कांहीं पुरुष सहायकांना २,५००, हें त्यांनीं तींत स्पष्ट मांडलें आहे. पगाराची गोष्ट काढली कीं, बायकांच्या मानानें तुमचा पगार उत्तमच आहे, असें उत्तर मिळे. त्यांच्यावर घर होतें, मुलाचें शिक्षण होतें. हें वाचल्यापासून शेजाऱ्यांचा प्रश्न आम्हांस टोंचूं लागला आहे. अर्ध्या मोलानें राबलेल्या बायकांचें नांव वर आणण्यासाठीं आतां लोकांनीं फुकट राबावें, ह्यांत विसंगति नाहीं काय? आमच्या मतें आहे. श्रीमंत संस्थांना ती कोणी तरी बोलून दाखविली पाहिजे. परंतु त्या बायकांचें तें पोट होतें, आमचा हा फावला वेळ आहे. ह्या दोहोंस एकाच तराजूंत घालणें म्हणजे त्यांच्या कष्टांची थट्टा होईल.

सध्यां आमच्यापुढें जी वही आहे, तींत पानांच्या कडेला मधूनमधून दोन आद्याक्षरें येतात. तीं कोणाचीं, तें लागत नाहीं. धाकटीनें वेधशाळेंत काम केलेल्या स्त्रियांची यादी मिळविली आहे, आणि त्यांतील तीन नांवांवर खुणा करून ठेविल्या आहेत.