पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन नावाचे एक लहानसे बेट आहे. क्षेत्रफळ ५७२ चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे ८४ हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढीही ही वस्ती नाही. पण दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस हजारो मोटारसायकलस्वार बोटीत गाड्या घालून तिथे जातात. कारण तिथे टी. टी. म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी ही मोटारसायकलची शर्यत भरते. ती बंदिस्त मैदानात होत नाही. लोकांच्या दारावरून, दुकानांसमोरून आणि चर्चच्या भिंतीजवळून जाणाऱ्या रोजच्या रस्त्यावर होते. २०२४ साली ही शर्यत मी प्रत्यक्ष पाहिली.

दिवसभर कारकुनी आणि संध्याकाळी वस्तीत शिकवणी वर्ग, अशा माणसाला हा शौक कुठून लागला, असे वाचक विचारतील. शौक माझा नाही, पुतण्याचा आहे. माझे थोरले बंधू २००९ साली रात्रपाळी करून मोटारसायकलने घरी येताना गेले. रस्ता खणून ठेवलेला होता, तिथे दिवा नव्हता आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. पुतण्या तेव्हा बारा वर्षांचा होता. शिष्यवृत्तीवर शिकला, इंजिनिअर झाला आणि नोकरीनिमित्त लंडनच्या पश्चिमेला स्लाव या गावी गेला. तिथे त्याने काय घेतले असेल, तर जुनी रॉयल एनफिल्ड! हे कळले त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत. पुढे त्याने मला विमानाचे तिकीट पाठवले. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शर्यत बघा नाहीतर आणखी काही बघा, पण येताना त्या पोराची गाडी तेवढी सोडवून या."

अर्जित रजा टाकली, परदेशी जाण्याची कार्यालयाची परवानगी घेतली आणि हे काम डोक्यात ठेवूनच मी विमानात बसलो.

स्लाव ते हेशम बंदर हा रस्ता चारशे किलोमीटरच्या आसपास. निघण्याआधी पुतण्याने मला जाड जाकीट, हातमोजे आणि बूट चढवले, हेल्मेटचा पट्टा स्वतः आवळून पाहिला. "काका, वळणावर माझ्याबरोबर झुका, उलटे ओढू नका," एवढेच सांगितले. मोटारवेवर ताशी ७० मैल म्हणजे ११२ किलोमीटरची मर्यादा आहे. मी त्याच्या खांद्यावरून काट्याकडे बघत होतो. काटा त्या आकड्यापुढे गेला नाही. दर दीड तासाला तो थांबे, चहा घेई, टायर हाताने चाचपून बघे.

बर्मिंगहॅमजवळ रेडिच गावाची पाटी लागली. पुतण्या म्हणाला, "आपल्या गाडीचे माहेर." एनफिल्ड मोटारसायकलींचा कारखाना या गावी होता. १९५५ साली त्या मद्रासला जोडल्या जाऊ लागल्या. १९७० नंतर इंग्लंडमधले उत्पादन थांबले, आपल्याकडचे मात्र चालूच राहिले. आता चेन्नईच्या कामगारांनी बनवलेल्या एनफिल्ड इंग्लंडच्या रस्त्यावर धावतात आणि आमची गाडी त्यांतलीच एक होती. मला त्या पाटीजवळ उगाचच ताठ बसावेसे वाटले.

हेशमहून डग्लसला बोटीने पावणेचार तास लागतात. बोटीच्या पोटात शेकडो मोटारसायकली ओळीने पट्ट्यांनी बांधलेल्या. जर्मन, फ्रेंच, आयरिश, सगळे एकमेकांच्या गाड्या निरखत होते. तिथली हॉटेले फार आधीच भरतात. त्यामुळे लोक घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात आणि खेळाच्या मैदानांवर तंबू पडतात. आम्हीही तंबूतच राहिलो.

ही शर्यत या बेटावरच का, याला कारण आहे. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये ताशी २० मैलांची मर्यादा घातली आणि शर्यतीसाठी रस्ते बंद करायला तिथली पार्लमेंट तयार नव्हती. या बेटाची टिनवाल्ड नावाची स्वतःची पार्लमेंट आहे. तिने १९०४ साली कायदा करून रस्ते बंद करण्याची मुभा दिली. १९०७ साली पहिली टी. टी. झाली, तेव्हा विजेत्याचा वेग सरासरी ताशी ३८ मैल होता. १९११ पासून डोंगरावरून जाणारा मोठा मार्ग घेतला. त्याचा एक फेरा ३७.७३ मैलांचा, म्हणजे सुमारे ६०.७ किलोमीटरचा आहे. २०२३ साली पीटर हिकमन या स्वाराने तो फेरा सतरा मिनिटांच्या आत, सरासरी ताशी २१९ किलोमीटर वेगाने पुरा केला. या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वार मरण पावले आहेत. हा आकडा मी तंबूत वाचला आणि रात्री झोप आली नाही.

४ जूनला आम्ही डग्लसजवळ ब्रॅडनच्या चर्चपाशी बसलो. इकडे भारतात त्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती. पुतण्याच्या एका कानात शर्यतीचे समालोचन आणि हातात मोबाईलवर मतांचे आकडे. चर्चच्या बायका चहा-केक विकत होत्या. जयंतीला आपल्या आयाबहिणी खिरीचे पातेले सांभाळतात, तशीच त्यांची लगबग.

मग रस्ता बंद झाला. एकदा बंद झाला की कुणी ओलांडायचा नाही. स्वार एकदम सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेक सुटतो, कारण खरी झुंज घड्याळाशी असते. पहिली गाडी समोरून गेली ती दिसली म्हणण्यापेक्षा छातीवर आदळली असेच म्हणावे लागेल. पण थोड्या वेळाने माझी नजर दुसरीकडे गेली. वळणावळणावर झेंडे घेतलेली माणसे उभी होती. त्यांना मार्शल म्हणतात. ते पगारी नाहीत, स्वयंसेवक आहेत. कुणी स्वतःची रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या देशातून आलेला असतो. पुरेसे मार्शल हजर नसतील तर शर्यत सुटतच नाही. बक्षीस घेताना फोटो स्वाराचा निघतो. पण तो ज्यांच्या भरवशावर गाडी पिळतो ती ही उन्हापावसात उभी राहणारी माणसे. चळवळीत सतरंज्या घालणारे कार्यकर्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्याच दिवशी उत्तर आयर्लंडच्या मायकेल डनलॉपने सत्ताविसावी टी. टी. जिंकली आणि त्याच्या काकाचा, जोई डनलॉपचा, २६ विजयांचा विक्रम मोडला. "काका, पुतण्याने काकाला मागे टाकले," असे म्हणून आमचे चिरंजीव हसले.

या जोई डनलॉपची हकीकत मला त्याच्या विजयांपेक्षा मोठी वाटली. बॅलीमनी या लहान गावात तो दारूचा गुत्ता चालवायचा. शर्यती संपल्या की आपल्या व्हॅनमध्ये अन्न आणि कपडे भरून तो स्वतः गाडी हाकत रुमानिया, बोस्निया आणि अल्बानियापर्यंत अनाथ मुलांसाठी जायचा. १९९६ साली त्याला ब्रिटनचा ओ.बी.ई. हा किताब मिळाला, तो या मदतकार्यासाठी. २००० सालच्या जूनमध्ये ४८ व्या वर्षी त्याने तीन टी. टी. जिंकल्या आणि २ जुलैला एस्टोनियातील एका शर्यतीत त्याचा अंत झाला. डोंगरावर त्याचा पुतळा आहे, मोटारसायकलवर बसलेला. रस्ता खुला झाल्यावर आम्ही तिथे गेलो. डोंगरावरच्या रस्त्याच्या बऱ्याच भागाला वेगमर्यादा नाही. तरीही पुतण्या हळूच गेला. मागून येणारे सुसाट पुढे गेले, तो जाऊ देत होता.

पुतळ्याजवळ त्याने मला मायकेलबद्दल आणखी सांगितले. मायकेलचे वडील रॉबर्ट हेही स्वारच होते. २००८ साली नॉर्थ वेस्ट २०० या शर्यतीच्या सरावात ते गेले. दोनच दिवसांनी एकोणीस वर्षांच्या मायकेलने तिथलीच शर्यत जिंकली. २०१८ साली त्याचा भाऊ विल्यमही असाच गेला. हे सांगून पुतण्या गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, बाबा गेले ते गाडीमुळे नाही. अंधारातल्या खड्ड्यामुळे आणि उघड्या डोक्यामुळे गेले. मी शर्यत कधीच लावणार नाही. पण गाडीवर बसलो की बाबांच्या मागे बसल्यासारखे वाटते. तेवढे मला राहू द्या."

मी बी.कॉम. शिकलेला माणूस, जमा-खर्च मांडल्याशिवाय निकाल देत नाही. चारशे किलोमीटर जाताना आणि चारशे किलोमीटर येताना मी त्याच्या मागे बसलो होतो. एकदाही त्याने मर्यादा ओलांडली नाही. घरी आल्यावर वहिनींना हे सगळे जसेच्या तसे सांगितले. गाडी सोडवून आणली नाही, हेही सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कुठेही गेला तरी पोचल्यावर फोन करायला सांगा." तो आता न चुकता करतो.

वाचकहो, त्या बेटावर जीव धोक्यात घालणारा स्वार नखशिखान्त चामड्याच्या पोशाखात असतो. रस्ता रिकामा असतो, वळणावर मार्शल असतो आणि डोक्यावर हेलिकॉप्टर तयार असते. आपली पोरे गर्दीच्या रस्त्यावर, तिघे एका गाडीवर बसून, उघड्या डोक्याने तोच वेग काढायला बघतात. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती. यातली कितीतरी घरातली एकुलती एक कमावती असतील. कर्ज काढून शिकवलेला मुलगा असा जातो, तेव्हा घर एका पिढीने मागे जाते. आमच्या घराने ते भोगले आहे.

म्हणून आमच्या वाचनालयाच्या बैठकीत मी ठराव मांडला. जयंतीच्या मोटारसायकल फेरीत एका गाडीवर दोघेच, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट आणि प्रत्येक चौकात आपला एक स्वयंसेवक. पोरे कुरकुरली. "फेटे कुठे बांधायचे मग?" असे एकाने विचारले. फेटे कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर बांधावेत, असे ठरले. ज्यांच्याकडे हेल्मेट नव्हते त्यांच्यासाठी वर्गणीतून बारा घेतली. ती आता वाचनालयाच्या कपाटात असतात आणि वहीत सही करून कुणालाही नेता येतात. १४ एप्रिल २०२५ रोजी वस्तीतून बत्तीस गाड्या निघाल्या आणि संध्याकाळी बत्तीसही परत आल्या. आपापल्या वस्तीत आपणही असा ठराव करावा, ही विनंती.