मॅडम, आवाज आला का?

शनिशिंगणापुरातल्या घरांना चौकट असते, दार नसतं. फार तर पडदा असतो, नाहीतर कुत्री-मांजरं आत शिरू नयेत म्हणून आडवी लावलेली फळी. नेवासा तालुक्यातल्या या गावाची हीच ओळख जगभर पोचली आहे. पण अशा घरात बसून नववीतली मुलगी मोबाइलवर इंग्रजी कशी बोलणार, हा प्रश्न 2020 च्या जूनपर्यंत कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

मी सोनईच्या बाजूच्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. वर्गात शिंगणापूरची बरीच मुलं आहेत. त्या वर्षी मार्चमध्ये कोरोनामुळे देवस्थान दर्शनाला बंद झालं आणि गावाची कमाईच थांबली. तेल, नारळ, रुईच्या पानांच्या माळा विकणारी दुकानं, पार्किंगच्या जागा, घोडेगाव रस्त्यावरच्या बैलांच्या रसवंत्या, सगळं ठप्प. घरात एकच स्मार्टफोन, तोही वडिलांच्या खिशात, आणि रिचार्ज संपला की तो पुन्हा कधी होईल याचा नेम नाही. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, पण ती पहिली ते आठवीसाठी. माझी नववी-दहावीची मुलं फोनच्याच भरवशावर होती.

ऑनलाइन वर्ग भरायचा, पडद्यावर नुसती नावं दिसायची. कॅमेरे बंद, माइक बंद. प्रश्न विचारला की शांतता. आम्हा शिक्षकांत चर्चा झाली तेव्हा बहुतेकांचं म्हणणं पडलं की मुलांना अभ्यासाची गोडीच नाही, कॅमेरा सक्तीचा करा, हजेरीला गुण लावा. मला ते पटलं नाही, कारण मी ती घरं पाहिली होती. दार लोटून बसावं अशी खोलीच तिथे नाही. एक मुलगी मला म्हणाली, “मॅडम, माइक चालू केला की आजी, टीव्ही, कोंबड्या सगळेच वर्गात येतात.” त्या आवाजांत चुकतमाकत इंग्रजी बोलायचं, तेही भावासमोर, चुलत्यासमोर! चौदा वर्षांच्या मुलीला ती लाज किती वाटते, हे शिक्षकाने ओळखायलाच हवं. पुढे 2021 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास वाचला. आपण कसे दिसतो याची काळजी आणि मागे दिसणारं घर, घरातली माणसं, ही कॅमेरा बंद ठेवण्याची कारणं त्या मुलांनीही सांगितली होती. शिंगणापूरची मुलं जगावेगळी नव्हती.

वेळेचंही एक आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलं लांब आणि विचारपूर्वक उत्तरं देतात. शिंगणापूरच्या मुलाला आधी मराठीत विचार करून मग इंग्रजी वाक्य जुळवायचं असतं. त्यातच रेंज गेलेली. तीन सेकंद त्याला कुठून पुरणार?

म्हणून मी थेट वर्ग कमी केला आणि व्हॉट्सॲपवर तोंडी गृहपाठ सुरू केला. अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवायचा, फक्त मला, गटावर नाही. वेळ हवा तो. फोन रात्री हाती आला तर रात्री. नेट लागतं तेही थोडंच. विषय पुस्तकातला न देता गावातला दिला: चौथऱ्यावर उघड्यावर उभा असलेला शनिदेव, तेलाचा अभिषेक, दाराविना घर. बाहेरून आलेल्या भाविकाला हे इंग्रजीत सांगा, एवढंच.

आणि मुलं बोलू लागली. कुणी उसाच्या बांधावर जाऊन, कुणी बंद दुकानाच्या फळीवर बसून. वर्गात कधी तोंड न उघडलेला एक मुलगा म्हणत होता, “सर, प्लीज कीप युअर शूज हिअर. नो मनी. कम, आय शो यू.” हे त्याने माझ्याकडून शिकलेलं नव्हतं. शिर्डीहून येणाऱ्या तेलुगू, कन्नड, तमिळ भाविकांशी वडिलांच्या दुकानात बोलता बोलता ते त्याच्या तोंडी बसलेलं होतं. त्याला इंग्रजीची गोडी आधीपासून होती. त्याबद्दल विचारणारं कुणी नव्हतं. काही मुलं तर पाठवलेला आवाज पुसून पुन्हा नवा पाठवायची आणि खाली लिहायची, “मॅडम, आधीचा ऐकू नका.” स्वतःचं वाक्य स्वतः ऐकून सुधारणं यापेक्षा चांगला अभ्यास मला माहीत नाही. उत्तरादाखल मीही आवाजच पाठवायची. चुका मोजत बसत नसे. त्यांनी सांगितलेल्या गोष्टीवर पुढचा प्रश्न विचारायची. मुलांचं बोलणं वाढलं ते त्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली मंदिरं उघडली. गावात गाड्या येऊ लागल्या आणि मुलं दुकानांवर परतली. मला भीती होती की आता गृहपाठ बंद पडेल. पण उलट, आज कोणत्या गावचे भाविक आले, काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, असे निरोप येऊ लागले.

शाळा पूर्ववत भरल्यावर असा तोंडी गृहपाठ बहुतेक ठिकाणी मागे पडला. दहावीच्या इंग्रजीला 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत आहेत. त्यातल्या तोंडी परीक्षेची तयारी वर्षाअखेरीला पाठांतराने उरकली जाते. माझी इंग्रजीच्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: आठवड्यातून एकदा तरी मुलांना त्यांच्या गावाबद्दल, त्यांच्या सवडीने बोलू द्या, आणि प्रत्येकाला आवाजातच उत्तर द्या.