बाटलीचा परतीचा रस्ता

पवनेच्या काठी वसलेल्या थेरगावात, केजुबाई बंधाऱ्याजवळ नदीचे पाणी जेव्हा सांडपाण्याच्या पांढऱ्या फेसाखाली दडते, तेव्हा वापरून झालेली वस्तू नाहीशी होत नसते, ती केवळ दृष्टीआड जाते, हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचे हवा-पाणी न नासवता आज जगण्याची जी रीत, तिला शाश्वत राहणी म्हणतात. आणि तिचा पहिला धडा या बंधाऱ्यावरच मिळतो.

थेरगावाजवळच्या चाकणच्या पट्ट्यात फोक्सवागन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने उभे राहिल्यापासून जर्मनी इथल्या घरांना परका राहिलेला नाही, आणि तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्यामुळे अभियांत्रिकीचे पुढील शिक्षण घेण्यासाठी इथली मुलेमुली तिकडे जातात. तिथे लवकरच त्यांची गाठ ‘फांड’ या ठेवीच्या व्यवस्थेशी पडते: एकदाच वापरायची बाटली विकत घेताना 25 सेंट अधिक मोजावे लागतात आणि रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की ते परत मिळतात. 2003 पासून लागू असलेला हा नियम कोणाला उपदेश करीत बसत नाही, तो बाटलीला परतीचा रस्ता आखून देतो.

थेरगावातही बाटलीला असा रस्ता आहे, मात्र तो माणसांच्या पायांनी पडलेला आहे. रद्दीवाले, भंगारवाले आणि कचरा वेचणाऱ्या बाया यांच्या हातांतून ती पुन्हा कारखान्यात पोहोचते. अशाच कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना पुण्यात 1993 साली उभी राहिली. जर्मन शहरांतही काही वृद्ध आणि गरजू माणसे ठेवीच्या बाटल्या वेचत फिरतात, आणि जाणते लोक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता तिच्या कडेला, सहज हाताला लागेल अशी ठेवतात. ही रीत उचलणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या स्वच्छतेमागचे श्रम दिसू लागतात.

बाकीची राहणी त्याने घरूनच नेलेली असते. नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येणाऱ्या थेरगावात वाढलेल्याला नळ बंद कर असे सांगावे लागत नाही. हिवाळ्यात खिडकी सतत किलकिली न ठेवता, हीटर बंद करून काही मिनिटे ती सताड उघडण्याची तेथील पद्धतही तो चटकन आत्मसात करतो. तरीही मुंबई ते फ्रँकफर्ट हे सुमारे साडेसहा हजार किलोमीटरचे उड्डाण अशा कितीतरी बचतींवर पाणी फिरवते. म्हणूनच दर सुट्टीला न येता क्वचित येऊन अधिक दिवस राहण्याचा निर्णय सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत अवघड ठरतो, कारण त्याची किंमत घरी वाट पाहणारी आईही मोजत असते.

या राहणीची खरी कसोटी मात्र पदवीनंतर लागते. चाकणला परतलेला असो वा जर्मनीतच स्थिरावलेला, आपण घडवलेली वस्तू वापरानंतर कुठे जाईल आणि ती कोण उचलेल, हे सांगता येईपर्यंत कोणत्याही अभियंत्याने आपला आराखडा पूर्ण झाला असे मानू नये.